मागच्या खोलीतली अकरा मशिनं

दुकानात पुढे ओळीने मांडलेल्या, चकाकणाऱ्या गवत कापायच्या मशिनांकडे व्हर्नाने ढुंकूनही पाहिलं नाही. काठी टेकत ती काउंटरला वळसा घालून गेली आणि थेट मागच्या दुरुस्तीच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"अगं, तिकडे गिऱ्हाइकं जात नाहीत!" दुकानदार एल्डन ओरडला. शाळेत तो तिच्या एक वर्ष मागे होता, त्यामुळे त्याचं ओरडणं ती कधी मनावर घेत नसे.

"म्हणूनच आले. पुढे तू जे दाखवतोस ते असतं. खरं काय ते मागे."

तिचा मुलगा ब्रेंट मागोमाग आत आला. या खरेदीसाठी तो कोलंबसहून दोन तास गाडी चालवत आला होता. आईने नापास व्हावं अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. ती नापास होणार याबद्दल त्याला शंका नव्हती, एवढंच.

परीक्षा त्यानेच लावली होती. जानेवारीत शस्त्रक्रिया करून व्हर्नाचा खुबा बदलला. ती घरातल्या घरात पावलं टाकायला शिकतेय, तोवर अंगणातलं गवत आठ इंचांवर गेलं आणि गावच्या कार्यालयाची नोटीस दाराला चिकटली. ओहायोतल्या त्या गल्लीत नवरा पळून गेलेला चालतो, गवत वाढलेलं चालत नाही. ब्रेंटने तिच्याच स्वयंपाकघरात बसून अट घातली: या उन्हाळ्यात दर आठवड्याला गवत तिने स्वतः कापायचं. लागोपाठ दोन आठवडे चुकले, की घर विकायला काढायचं आणि तिने कोलंबसला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला यायचं. व्हर्ना "चालेल" म्हणाली आणि त्याला ॲपल पायचा आणखी एक तुकडा वाढला.

आता सगळं मशिनावर होतं. बसून चालवायचं मशीन रस्त्याकडच्या चराच्या उतारावर कलंडतं. साधं मशीन ढकलायला डॉक्टरांची परवानगी नव्हती. उरलं ते स्वतःच्या चाकांवर आपणच पुढे निघणारं. माणसाने नुसतं दांडा धरून मागे चालायचं. पण ते जुलैत बंद पडून पंधरा दिवस इथे येऊन पडलं, तर घर गेलं.

व्हर्नाने काठीच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. खोलीत चौदा मशिनं होती. अकरा हॅलोवे कंपनीची, तीन किरकोळ कंपन्यांची. पुढे हॅलोवेच्या बरोबरीने विकायला मांडलेल्या क्रेस्टनचं एकही नाही. तिने उलट्या बाजूने पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

"क्रेस्टन दे," तिने निकाल सांगितला.

"बघ! मी गाडीत हेच सांगत होतो," ब्रेंट म्हणाला. "बटण दाबलं की सुरू, वजनाला हलकं. इंटरनेटवर लोकांनी साडेचार तारे दिलेत."

वर्षभरात मायलेकांचं एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग. दोघांनाही त्याचा जरा संशयच आला.

एल्डनने पावतीपुस्तक ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि तसाच बसून राहिला.

"लिही की. का अजून स्पेलिंग अडतं?"

"व्हर्ना, गेल्या तीन वर्षांत मी शंभरेक क्रेस्टन विकली असतील."

"आणि दुरुस्तीला एकही नाही. मी वेगळं काय म्हणतेय?"

"इथे कशाला येईल?" एल्डन म्हणाला. "क्रेस्टन माझ्याकडे येत नाही. ते बुधवारी जातं."

बुधवारी कचऱ्याची गाडी येते. मंगळवारी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला डब्यांशेजारी काय काय उभं असतं, ते व्हर्ना चाळीस वर्षं आपल्या खिडकीतून बघत आली होती. ती बघायची खुर्च्या, गाद्या, दूरदर्शन संच. मशिनंही बघायची. ती मात्र तिने कधी मोजली नव्हती.

"दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची चाकं ओढेनाशी होतात," एल्डन सांगत होता. "सुटा भाग मिळत नाही. लोक कडेला ठेवून देतात आणि नवीन आणतात. तारे दिलेले असतात पहिल्या आठवड्यात."

"आणि ही अकरा?"

"ते कोपऱ्यातलं एकोणीस वर्षांचं आहे. त्याच्या शेजारचं पाद्रीबुवांचं, सोळा वर्षांचं. आठेक वर्षं काही होत नाही, मग पट्टा झिजतो. सकाळी आणलं तर संध्याकाळी परत देतो. टाकवत नाही म्हणून आणतात माणसं."

"हॅलोवे दे," व्हर्ना म्हणाली. चूक झाली असं ती म्हणाली नाही. तिने फक्त उत्तर बदललं.

"अगं आई, आत्ताच मोजलंस ना? दुरुस्तीला येणारं मशीन मुद्दाम घ्यायचं?"

"जानेवारीत मीही दुरुस्तीलाच गेले होते, ब्रेंट. मंगळवारी मला कडेला ठेवणार होतास का?"

ब्रेंटने पाद्रीबुवांच्या मशिनाचा दांडा उगाचच हलवून पाहिला. तो जराही डुगडुगला नाही. एल्डनने मान खाली घालून पावती लिहिली, वेळ लागेल तेवढा लावला, आणि मग गल्ल्याशेजारच्या डब्यातून एक कोरं कार्ड काढलं.

"पट्टा बदलायची वेळ आली की मी टपालाने आठवण पाठवतो. आठ वर्षांनी. पत्ता कुठला घालू?"

व्हर्ना चौऱ्याहत्तर वर्षांची होती. कोणताही प्रश्न दुसऱ्यासाठी सोडून देण्याची तिला सवय नव्हती. हा तिने सोडला.

ब्रेंटने मनातल्या मनात बेरीज केली. ती ब्याऐंशीवर येऊन थांबली.

"तिच्या घरचाच घाला, काका," तो म्हणाला. "ती कुठे जातेय?"