देवीची पाठवणी

घंटी वाजली तशा परिसंवादाच्या सभागृहात टाळ्या पडल्या आणि रघीबायचं गाणं अर्ध्यातच अडकलं.

“सुंदर, आजी! वेळ संपली,” प्राध्यापक तिच्या कानाशी वाकले.

“अरं बाबा, देवी आता कुठं येऊन बसली. तिची पाठवणी नको करायला?”

रघीबाय धवलेरी होती; वारल्यांची लग्नं तिच्याच गाण्यानं लागत. बोलावलेल्या देवीला निरोपाचं गाणं म्हटल्याशिवाय उठायचं नाही, एवढी एकच अट तिनं इथं गायला यायला घातली होती. तिच्या अंगणात कोरा चहा पीत याच प्राध्यापकांनी ती हात जोडून मान्य केली होती. सोमवारी नातीचं लग्न होतं. रुसलेली देवी मांडवात येईल कशी?

तिनं पुन्हा सूर धरला, तेवढ्यात माइक बंद झाला. खांद्यावर शाल पडली आणि दोन स्वयंसेविकांनी तिला धरून बाहेर नेलं.

मागच्या पटांगणात बसून ती राहिलेलं गाणं म्हणू लागली, पण डोक्यावरच्या कर्ण्यातून आतलं पुढचं भाषण गरजत होतं, “आदिवासींकडे जाताना आधी त्यांचं ऐकायला शिका!”

तिचं गाणं तिलाच ऐकू येईना. तिनं शाल काढून जमिनीवर अंथरली.

“बस गं देवी आई. ह्यांचं बोलणं सरलं की तुला घरी पोचवते.”