धाकटीची फाईल

घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर दोघी जावा रोज आळीपाळीने गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायच्या आणि रोज धाकटीच जिंकायची. "माझं कसलं कौतुक, गेममध्ये प्रत्येकीच्या बटणांची वेगळी फाईल असते ना, माझ्या फाईलमध्ये बटणं हलकी करून घेतलीत, दाबलं की गाडी लगेच वळते एवढंच," असं ती म्हणायची. हरण्याचं थोरलीला फारसं काही नव्हतं. पण "शिक जरा तिच्याकडून," असं तिचा स्वतःचा नवराच सोफ्यावरून म्हणायचा, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज दुपारी धाकटी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तशी थोरलीने तिच्या नावाची फाईल उघडली. डावीकडे वळायच्या बटणापुढे 'उजवीकडे' आणि उजवीकडच्या बटणापुढे 'डावीकडे' लिहिलं, सेव्ह केलं आणि साळसूदपणे भाजी चिरायला बसली.

संध्याकाळी धाकटीने खुर्ची पुढे केली. "ताई, आज पहिली पाळी तुमची."

थोरली ऐटीत बसली. पहिल्याच वळणावर तिने डावीकडचं बटण दाबलं आणि गाडी उजवीकडच्या भिंतीवर जाऊन आदळली. पुन्हा दाबलं, पुन्हा भिंत. सोफ्यावर हशा पिकला. थोरली चक्रावून नुसती बटणांकडे बघत राहिली.

धाकटी कावरीबावरी होऊन तिच्या कानाशी लागली.



"ताई, आज तरी तुम्ही जिंकावं म्हणून मघाशी मी गुपचूप आपल्या फायलींची अदलाबदल केली होती."