जोडीतली दुसरी कडी

लेकीनं पाल पाळली आणि सुतार बाप कामाला लागला. “लोक पाल दिसली की झाडू शोधतात, आमच्याकडे तिला बंगला!” बायकोनं कपाळावर हात मारला. पण पठ्ठ्यानं जुन्या कपाटाच्या फळ्यांची झकास पेटी केली. पुढं काच लावली, उबेसाठी बल्ब लावला, लपायला फुटकं मडकं ठेवलं.

“बाबा, कडी बाहेरून लावा हं,” लेक म्हणाली. “बाहेर पडली तर तिला परत येता यायचं नाही.”

पाकिटात दोन कड्या होत्या. एक पेटीला लागली. दुसरी त्यानं, लेक शाळेत गेल्यावर, मागच्या खोलीच्या दाराला बसवली. तीही बाहेरून. त्याच्या वडिलांनी जन्मभर सुतारकाम केलेलं. हल्ली ते कामाला म्हणून निघत आणि घरचा रस्ताच विसरत.

संध्याकाळी वडिलांनी आतून दार ढकलून पाहिलं. मग पुन्हा एकदा, जोर लावून. बाहेर तो हातात पेचकस धरून तसाच उभा.



“वा! कडी अशी बसलीय की दार जरासुद्धा खडखडत नाही,” आतून कौतुकाचा आवाज आला. “उघडा हो मिस्त्री, तुमची पाठ थोपटायचीय.”