झाकण घट्ट बसलंय

चमच्याचं टोक लावून त्यानं झाकण जरासं उचललं, तर ते फुस्स करून सहज निघून आलं. ही बायकोच्या हातची शेवटची बरणी. हिचं झाकण तरी घट्ट असायला हवं होतं.

जन्मभर तो कारखान्यात बॉयलर सांभाळत होता. वाफ, दाब आणि गळती, यापलीकडे जगात फारसं काही असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. बायको मटण बरण्यांत हवाबंद करून महिनोन्महिने टिकवायची. ती गेली तेव्हा फळीवर एकच बरणी उरली होती. ती फोडायची हिंमत होईना आणि त्या चवीवाचून घास उतरेना. शेवटी त्यानं स्वतःच कंबर कसली.

सगळं तिच्यासारखंच. हाडं काढलेलं मटण भरायचं, वर बोटभर जागा सोडायची, काठ लख्ख पुसायचा. मग बरण्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये ठेवायच्या आणि दीड तास दाबाचा काटा जागचा हलू द्यायचा नाही. हा कुकर त्यानंच हौसेनं आणलेला. घरी येईल त्याला तो ऐकवायचा, "चव या कुकरची आहे, राव! आमची ही काय, नुसती बरणी उघडते." ती हसायची आणि आत जायची.

बरण्या निवताना एकेक झाकण टक् करून आत बसे. त्या घरात आता तेवढाच आवाज. प्रत्येक टक् ला तो "हं" म्हणायचा, कुणीतरी हाक मारल्यासारखा.

पण चव काही येईना. मटण टिकायचं छान, खायला मात्र पांचट. जेवताना समोरच्या खुर्चीवर नावं ठेवायलाही कुणी नव्हतं. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, आवाज कानात असायचा, ही चवच तेवढी हातातून निसटत चालली होती. आणि ती गेली म्हणजे बायको दुसऱ्यांदा गेली, असं त्याला वाटत होतं.

विचार करकरून त्यानं दोष शोधला. त्याच्या बरण्यांची झाकणं चमचा लावताच निघायची. तिची कुठं निघायची? मटणाचा बेत असला की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि बाहेर येतच नसे. हा पेपरामागून ओरडायचा, "अगं, एक बरणी उघडायला एवढा वेळ?" आतून ठरलेलं उत्तर यायचं, "झाकण घट्ट बसलंय हो!" म्हणजे उघड होतं. आपली झाकणं सैल बसतात आणि चव तिथूनच गळते. त्यानं कुकरचं रबर बदललं. काटा तपासून आणला. नवी झाकणं घेतली. तरी तेच.

आज जीव घट्ट करून त्यानं तिची बरणी काढली. मटण चांगलं उकळून घेतलं आणि पहिला घास तोंडात टाकला. मऊ, स्वच्छ आणि बेचव. डिट्टो त्याच्या बरणीसारखं.

त्यानं मेहुणीला फोन लावला. "तुझ्या ताईची शेवटची बरणी होती गं. वाया गेली."

"वास येतोय का? झाकण फुगलं होतं?"

"छे. नुसती चव गेलीय."

"कांदा नीट परतलात ना?"

"कसला कांदा?"

"भाऊजी, तुम्ही बरणी उघडून तसंच खाल्लंत?"

"मग काय मिरवणूक काढायची तिची? ती तेच तर करायची!"

एरवी ती खळखळून हसली असती. "ताई तासभर शेगडीपाशी उभी असायची, भाऊजी. कांदा, लसूण, मिरी, सगळं मंद आचेवर. बरणीत नुसतं मटणच असायचं. तुम्ही चारचौघांत कुकरचं एवढं कौतुक करायचात, तिला ते मोडवेना."

फोन ठेवून तो आत गेला. कांदा चिरला, ओबडधोबड. कढई तापत ठेवली आणि कालथा घेऊन उभा राहिला. पाय दुखायला लागले तेव्हा वास सुटला. तोच वास. त्यानं दाराकडे पाहिलं. बाहेरून कुणी ओरडलं नाही.

ओट्यावर तिच्या बरणीचं झाकण पडलं होतं. ते कधीच घट्ट बसलेलं नव्हतं. आणि ते त्याला पहिल्याच वर्षी कळलं असतं, एकदा तरी खुर्चीतून उठून तो म्हणाला असता, "आण इकडे, मी उघडून देतो."