पुकारा

सत्त्याण्णव साली भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात कॉम्प्युटर आला. एखादा लूम थांबला की पडद्यावर कामगाराचं नाव दिसायचं आणि ऑपरेटर नीला ते स्पीकरवरून पुकारायची.

पावसाळ्यात लडकू शॉक लागून गेला. त्याच्या लूमवर नवशा आला, पण कॉम्प्युटरमध्ये नाव जुनंच राहिलं. “लडकू, लूम चालू कर,” असा आवाज आला की नवशाच्या अंगावर काटा यायचा.

एका दुपारी लडकूची बायको गोदू ऑफिसात आली. नीला ओशाळली. “वहिनी, माफ करा. नाव बदलणारा माणूस उद्या येतोय.”

गोदूनं तिचा हात घट्ट धरला.

“नको बाय, ऱ्हाऊ दे. आमची खोली मागंच हाय. तुझी हाक ऐकली का धाकटी जेवते. तिला वाटतं, बा ड्युटीवर हाय.”