मागची पानं

समुद्राच्या अभ्यासावरची ती परिषद सगळ्यांसाठी खुली होती. "कुणाच्या घरी समुद्राच्या जुन्या नोंदी असतील तर जरूर आणा," असं पत्रकात छापलं होतं, म्हणून दीपगृहाच्या रखवालदाराची सून पिशवीत एक वही घालून आली. सासरे रोज पहाटे धक्क्यावरून बादली सोडत, वर काढलेल्या पाण्यात तापमापक बुडवत आणि आकडा लिहून ठेवत. आजारपण असो की वादळ, नेम कधी चुकला नाही. "काय मामंजी, आज समुद्राला ताप किती?" अशी ती त्यांची थट्टा करायची. ते गेले, घर बदललं, आणि वह्यांची ट्रंक तिने रद्दीत घातली. ही शेवटची तेवढी ठेवली, कारण निम्मी कोरी होती. विणकामाचे टाके लिहायला ती मागूनच उघडायची. पुढचं पान तीस वर्षांत पाहिलंच नव्हतं.

व्याख्यान संपल्यावर तिने वही ते देणाऱ्या संशोधक मुलीच्या हातात दिली. चार पानं उलटताच मुलीचा चेहरा खुलला. "अहो काकू, इथल्या पाण्याची इतकी जुनी एकही नोंद आमच्याकडे नाही! तुमच्या सासऱ्यांनी सोनं ठेवलंय."

"अगं, पण..." ती बोलायला गेली, तोवर मुलीने पहिलं पान काढून मोठ्याने वाचलंही.

"वही एकेचाळिसावी. आधीच्या चाळीस सूनबाईच्या ट्रंकेत. तिच्या हातून काही गहाळ होत नाही."

मुलगी हसली. "सूनबाई म्हणजे तुम्हीच ना? मग ट्रंक न्यायला कधी येऊ?"