अकरा हिवाळे

चमच्यासारखी चपटी चोच असलेला तो इवलासा पाहुणा पक्षी एकदा तरी दिसावा, म्हणून सर अकरा हिवाळे भूशिराजवळच्या या पाणथळीवर येत होते. महिनाभरात निवृत्त होऊन ते लेकीकडे दूर राहायला जाणार, म्हणून शेवटच्या फेरीला त्यांनी चौथीचा अख्खा वर्ग सोबत आणला.

"हूं की चूं करायचं नाही," बसमधून उतरतानाच त्यांनी दम दिला. "जे दिसेल ते गुपचूप वहीत काढायचं. परत बसमध्ये बसेपर्यंत जो बोलेल, त्याचा डबा मी खाणार."

पोरं कधी नव्हे ती शहाण्यासारखी मागे बसून राहिली. सर दोन तास दुर्बिणीतून खाडीचा चिखल धुंडाळत होते. बदकं दिसली, बगळे दिसले, तो काही आला नाही.

"नाही नशिबात, दुसरं काय," बसमध्ये चढता चढता सर म्हणाले. "पण तुम्ही आज माझा शब्द राखलात हो. आणा बघू वह्या."



बाविसाच्या बावीस वह्यांत डबक्याकाठी चमच्यासारख्या चोचीचा एक इवलासा पक्षी होता, आणि त्याच्याकडे पाठ करून, दुर्बीण लावून उभे असलेले सर.